आजीच्या देशाकडून जिम्नॅस्टिक्स खेळायचंय? आधी कागद काढा

मुलगी एका देशात जन्मली, तिथेच कार्टव्हील शिकली, पण आई किंवा बाबा किंवा आजी दुसऱ्या देशातली, आणि आता मोठ्या स्पर्धा दिसायला लागल्यावर घरात विषय निघतो की तिकडून खेळली तर? जिमबाहेरच्या बाकावर बसलेल्या पालकांमध्ये तर हा विषय दर दोन महिन्यांनी निघतोच, आणि दर वेळी कोणीतरी छातीठोकपणे सांगतं, आजी तिथली ना, मग झालं की. नाही झालं. मी अशा दोन-तीन घरांच्या फायली जवळून बघितल्यात, एकीत तर स्वतःच डोकं घातलं होतं, त्यावरून हे लिहितोय. कसरत कशी करायची ते कोच बघतील, मी फक्त देश निवडायचा किंवा बदलायचा तर काय कोणत्या क्रमानं करायचं एवढं सांगतो, कारण इथे बहुतेक लोक चुकतात ते क्रमातच.

आजी पुरत नाही, पासपोर्ट लागतो

रग्बीत आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी कोणी त्या देशात जन्मलेलं असलं की खेळाडूला त्या देशाकडून उतरता येतं, त्यामुळे लोकांच्या डोक्यात तेच बसलंय. जिम्नॅस्टिक्समध्ये पासपोर्टच बघतात. खेळाची जागतिक संघटना एफआयजी, ऑफिस स्वित्झर्लंडमध्ये लोझानला, १८८१ पासूनची. तिचं लायसन्स नसेल तर वर्ल्ड कप नाही की वर्ल्ड चॅम्पियनशिप नाही, आणि ते लायसन्स काढतं त्या देशाचं फेडरेशन, तुमच्या पासपोर्टची कॉपी जोडून. तुम्ही घरी बसून ऑनलाइन फॉर्म भरला आणि आलं, असं नसतं.

म्हणजे पहिला प्रश्न, पासपोर्ट मिळतो का? हे सगळं त्या देशाच्या कायद्यावर, आणि प्रत्येक देशाचा कायदा वेगळा. फिलिपिन्समध्ये आई किंवा वडील नागरिक असले की मूल जन्मतःच नागरिक, फक्त ते कागदावर आणायचं. आयर्लंडमध्ये आजी किंवा आजोबा त्या बेटावर जन्मलेले असले तरी चालतं, पण आधी परदेशी जन्मांच्या रजिस्टरमध्ये नाव नोंदवायचं, ती नोंद झाली की मग पासपोर्टचा अर्ज. आर्मेनियाने २००७ मध्ये दुहेरी नागरिकत्व मान्य केलं आणि आर्मेनियन वंशाच्या लोकांसाठी वाट सोपी ठेवली. इटलीत पूर्वी पणजोबांचे पणजोबा शोधून काढले तरी काम व्हायचं, २०२५ मध्ये त्यांनी ते आवळलं, आता साधारण आजी-आजोबांच्या पुढे जाता येत नाही. म्हणून दहा वर्षांपूर्वी अमक्याच्या मुलीचं झालं होतं, या गोष्टीवर जाऊ नका, आजचा कायदा वाचा, शक्यतो वकिलातीच्या साइटवर, व्हॉट्सअॅपवर नाही.

भारताचं कोणी तरी विचारणारच, म्हणून सांगून टाकतो. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, आणि डिसेंबर २००८ पासून सरकारचं धोरण आहे की भारतीय पासपोर्ट असेल तरच भारताकडून खेळता येईल. ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड, त्यावर येणं-जाणं-राहणं होतं, भारताकडून खेळणं होत नाही. पाच वर्षं ओसीआय असलेल्याला अर्ज करण्याआधीचे बारा महिने भारतात राहून नागरिकत्व मागता येतं, पण मग दुसरा पासपोर्ट सोडायचा. फुटबॉलमध्ये अराता इझुमीने जपानचा पासपोर्ट सोडून हे केलं होतं, पण तो तेव्हा तिशीचा होता, आणि इथे आपण पंधरा-सोळाच्या पोरीबद्दल बोलतोय जिला पुढे कॉलेज, नोकरी, सगळं तिकडेच करायचंय. माझं स्पष्ट मत, एक पासपोर्ट कायमचा सोडावा लागत असेल तर चार-सहा वर्षांच्या करिअरसाठी दहा वेळा विचार करा.

कुलूप कधी लागतं

आता खरी गोष्ट. दोन्ही पासपोर्ट हातात आहेत आणि मुलगी अजून कुठल्याच देशाकडून इंटरनॅशनल खेळलेली नाही, तर तुम्ही मोकळे आहात, हवा तो देश निवडा. ऑलिंपिक चार्टरचा नियम ४१ हेच म्हणतो, दोन नागरिकत्वं असलेल्या खेळाडूने आपला देश निवडावा. पण एकदा का ती ऑलिंपिक, खंडीय किंवा प्रादेशिक स्पर्धा, किंवा वर्ल्ड चॅम्पियनशिप यांपैकी कशातही एका देशाकडून उतरली, की ऑलिंपिकपुरतं दुसऱ्या देशाकडून उतरायला शेवटच्या अशा स्पर्धेपासून तीन वर्षं जावी लागतात. ती मुदत कमी किंवा रद्द होऊ शकते, पण त्यासाठी दोन्ही देशांच्या ऑलिंपिक समित्या आणि एफआयजी यांची संमती लागते आणि शेवटचा शब्द आयओसीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या, कार्यकारी मंडळाचा. शिवाय एफआयजीचा स्वतःचा नागरिकत्व-बदलाचा मामला असतोच, तिथे जुन्या फेडरेशनने सोडलंय का हे बघतात.

थोडक्यात किल्ली जुन्या फेडरेशनच्या खिशात जाते. आणि मुलीची वर्षं किती? मुलींना ज्या वर्षी सोळा पूर्ण होतात त्या वर्षी सीनियर होता येतं, मुलांना अठराव्या. सोळाव्या वर्षी सीनियर झालेल्या पोरीला तीन वर्षं थांबवलं तर एक अख्खं ऑलिंपिक गेलं, आणि या खेळात गुडघे कोणासाठी थांबत नाहीत.

त्यामुळे कोणी प्रेमाने म्हणालं की एक छोटी इंटरनॅशनल आहे, जर्सी घालून उतर, अनुभव येईल, तर आधी विचारा की ही स्पर्धा कुठल्या यादीत बसते, आणि उत्तर लेखी घ्या. ज्युनिअर गटातली असली तरी विचारा. क्लबकडून परदेशात जाऊन खेळणं वेगळं आणि देशाच्या नावाने एंट्री लागणं वेगळं, पण तो फरक तिथल्या उत्साहात कोणाच्याच लक्षात राहत नाही.

नेमूरचं प्रकरण नीट बघा

कायलिया नेमूर. जन्म डिसेंबर २००६, फ्रान्समध्ये, आई फ्रेंच, वडील अल्जेरियन. शिकली फ्रान्समध्येच, आव्वान नावाच्या छोट्या गावातल्या क्लबात, आणि फ्रान्सच्या ज्युनिअर पोरींमध्ये तिचं नाव होतं. २०२१ मध्ये गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, त्यानंतर तिने परत सुरू करायचं की नाही, कुठे राहून ट्रेनिंग करायचं, यावरून फ्रेंच फेडरेशन एका बाजूला आणि क्लब आणि घरचे दुसऱ्या बाजूला असं ताणलं गेलं. २०२२ मध्ये घरच्यांनी अल्जेरियाकडे वळायचं ठरवलं. वडिलांकडून नागरिकत्वाचा हक्क होताच, तिथे अडचण नव्हती. अडचण आली सोडण्यात. फेडरेशन लगेच सोडायला तयार नव्हतं, आणि थांबायला लागलं असतं तर २०२३ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप हुकली असती, ती हुकली की २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकचा मुख्य दरवाजाच बंद. शेवटी फ्रान्सच्या क्रीडामंत्री अमेली ऊदेआ-कास्तेरा मध्ये पडल्या आणि मे २०२३ मध्ये गाठ सुटली. त्याच महिन्यात ती दक्षिण आफ्रिकेत आफ्रिकन चॅम्पियनशिपला अल्जेरियाकडून उतरली आणि जिंकली, ऑक्टोबरमध्ये अँटवर्पच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला बार्सवर, म्हणजे एक वर एक खाली अशा दोन दांड्यांवर, सिल्व्हर, आफ्रिकेच्या जिम्नॅस्टचं वर्ल्डमधलं पहिलं मेडल, आणि ४ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये बेर्सीच्या हॉलमध्ये बार्सच्या फायनलला १५.७००. चीनची चिऊ चीयुआन १५.५०० वर आणि अमेरिकेची सुनी ली १४.८०० वर. आफ्रिकेचं जिम्नॅस्टिक्समधलं पहिलं ऑलिंपिक मेडल, आणि तेही गोल्ड, आणि जिने दिलं ती जिथे जन्मली त्याच देशात उभी राहून दुसऱ्या देशाचं राष्ट्रगीत ऐकत होती.

लोक यातून काय घेतात, की भांडा, जिंकाल. मला तर उलट दिसतं. मंत्री तुमच्यासाठी मध्ये पडणार नाहीत. तिच्यासाठी पडल्या कारण ती जगातल्या बार्सच्या पहिल्या दोन-तिनात होती आणि ऑलिंपिक फ्रान्समध्येच होतं. आपल्या मुलीसाठी सरळ मार्ग म्हणजे भांडण होण्याआधीच सोडपत्र मागणं. आणखी एक गोष्ट बघा, अल्जेरियाकडून खेळायला लागल्यावरही ती ट्रेनिंगला आव्वानलाच राहिली. देश बदलला, हाताला लावायच्या चॉकचा डबा तोच राहिला. देश बदलणं म्हणजे घर बदलणं असं आधीच धरून चालू नका, बऱ्याच जणी तसं करत नाहीत.

नव्या फेडरेशनला लिहायचं कसं

पहिलं पत्र बहुतेक वेळा भावनिक होतं. माझ्या आजीचं गाव अमुक, लहानपणापासून मला तुमच्या झेंड्याचं स्वप्न, वगैरे. असू दे दोन ओळी, पण समोर बसलेला माणूस बघतो तीन गोष्टी, वय काय, पासपोर्ट आहे का, स्कोअर किती.

व्हिडिओ पाठवताना एडिट केलेले, गाणं लावलेले तुकडे नकोत. व्हॉल्ट, बार्स, बीम, फ्लोअर या चारही अपॅरेटसचं पूर्ण रूटीन, सलाम ते सलाम, एका कॅमेऱ्यातून, पडली असेल तरी पडलेलं तसंच. आणि डी-स्कोअर, म्हणजे रूटीन किती अवघड त्याचे मार्क, स्वतः वाढवून लिहू नका, एखाद्या ब्रेव्हे (जजचं अधिकृत प्रमाणपत्र) असलेल्या जजकडून मोजून घ्या. एका घरी बापाने पोरीच्या बीमला इतका डी-स्कोअर लिहिला होता की वाचून मला हसू आलं, जोडणी म्हणून मोजलेल्या दोन एलिमेंटच्या मध्ये ती पोर चक्क हात हलवून तोल सावरत होती. तिकडचे लोकही जज असतात, त्यांना पहिल्या मिनिटात कळतं, आणि मग बाकी सगळ्यावरचा विश्वास उडतो.

त्यांना विचारायच्या गोष्टीही असतात, त्या विचारायला लाजू नका. निवडीचे निकष लेखी आहेत का. राष्ट्रीय स्पर्धेला तिकडे येऊन खेळायलाच लागतं का, की परदेशातले स्कोअर धरतात. विमान, हॉटेल, एंट्री कोण भरणार. वर्ल्ड चॅम्पियनशिपला फेडरेशनने सोबत जजही द्यायचा असतो, छोट्या फेडरेशनकडे तो असतोच असं नाही, तर तो खर्च शेवटी कोणाच्या माथी येतो. इन्शुरन्स कोणाचा. दुखापत झाली तर ऑपरेशन कुठल्या देशात. पहिल्याच फोनवर हे विचारणं बरं दिसत नाही असं घरात कोणी तरी म्हणतं, पण पोरीचा गुडघा गेल्यावर विचारणं त्याहून वाईट दिसतं.

पैशाचं तर असं की बऱ्याच वेळा उत्तर येतं, तुम्हीच बघा. हूरी गेबेशियन अमेरिकेत जन्मलेली, आर्मेनियन घरातली, २०१६ ला रिओमध्ये आर्मेनियाकडून उतरली, ऑलिंपिक जिम्नॅस्टिक्समध्ये उतरलेली त्यांची पहिली महिला. ती तेव्हा क्लीव्हलंडच्या हॉस्पिटलमध्ये प्रसूती विभागात पूर्णवेळ नोकरी करत होती, शिफ्ट संपवून जिमला. बार्सवर चढण्याचा एक प्रकार आज कोडमध्ये, म्हणजे एफआयजीच्या गुणांच्या नियमपुस्तकात, तिच्या नावाने आहे, तो नोकरी करता करता बसवलेला. हे वाचून भारावून जायला होतं, पण पालक म्हणून वाचा, त्याचा अर्थ आहे की फेडरेशनकडून पगार येईल अशी आशा धरू नका.

जुन्या फेडरेशनकडून सुटायचं कसं

इथे तोंडावर ताबा. इतके दिवस त्यांनी कॅम्प दिले, कोच दिले, आणि तुम्ही चाललात, त्यांना लागणारच. सोशल मीडियावर आधी पोस्ट टाकून मग पत्र पाठवणं हा सगळ्यात मूर्ख क्रम आहे आणि तो लोक करतात, विशेषतः रात्री अकरानंतर.

पत्र छोटं. नाव पासपोर्टवर जसंच्या तसं, जन्मतारीख, जुना लायसन्स नंबर, शेवटची इंटरनॅशनल स्पर्धा कोणती आणि कोणत्या तारखेला, आणि अमुक तारखेपासून बदलाला हरकत नसल्याचं पत्र मिळावं ही विनंती. कारण एका ओळीत, कुटुंबाचं मूळ तिथलं आहे. कोच वाईट होते, निवडीत अन्याय झाला, हे त्यात घालू नका, खरं असलं तरी. ती तक्रार करायची तर वेगळ्या कागदावर, वेगळ्या ठिकाणी करा. एकाच पत्रात तक्रार आणि विनंती घातली की विनंतीचं उत्तर येत नाही, तक्रारीचंच येतं.

आणि लायसन्स कुठल्या देशाचं आहे याने किती फरक पडतो ते रीस मॅक्लेनाहनला विचारा. ब्रिटनमधल्या उत्तर आयर्लंडचा मुलगा, एरवी आयर्लंडकडून खेळतो, २०१८ च्या कॉमनवेल्थमध्ये उत्तर आयर्लंडकडून पॉमेल हॉर्सचं गोल्ड घेतलेलं, आणि २०२२ च्या कॉमनवेल्थच्या तोंडावर एफआयजी म्हणाली की तुमची नोंद आयर्लंडची आहे, तुम्हाला उत्तर आयर्लंडकडून उतरता येणार नाही. बरीच बोंबाबोंब झाल्यावर मागे घेतलं. त्याचं घर तेच, झेंड्याचा प्रश्न तिथे पिढ्यान्‌पिढ्याचा, आणि अडलं ते नोंदीच्या एका रकान्यावर.

फाईल

आता ज्या फाईलमध्ये मी डोकं घातलं होतं ती. पोरीची आजी लग्नाआधीच्या नावाने एका कागदावर, लग्नानंतरच्या नावाने दुसऱ्यावर, आणि तिचं पहिलं नाव एका ठिकाणी शेवटी ए लावून लिहिलेलं, दुसऱ्या ठिकाणी ई. एवढंच. एक अक्षर. वकिलातीने फाईल परत पाठवली की ही एकच बाई आहे याचा पुरावा द्या. मग प्रतिज्ञापत्र, त्याचं भाषांतर, भाषांतरावर शिक्का, शिक्क्यावर अजून एक शिक्का. हे होईपर्यंत स्पर्धेच्या नावानिशी एंट्रीची तारीख निघून गेली. मोठ्या स्पर्धांना आधी फेडरेशन आकडा कळवतं की आमचे इतके येणार, मग ठरलेल्या तारखेपर्यंत नावं द्यायची असतात, आणि ती तारीख कोणासाठी हलत नाही. पोरीने ती स्पर्धा घरी सोफ्यावर बसून लाइव्ह स्कोअरवर बघितली, पायाला आइस पॅक लावून, आणि मधेच म्हणाली, माझा बीम आज इथे फायनलला गेला असता. कोणी काही बोललं नाही.

म्हणून सगळ्या कागदांवर नावाचं अक्षर आणि अक्षर जुळतंय का हे आज रात्रीच बघा. पोरीचा जन्मदाखला, आई-वडिलांचा, लग्नाचा दाखला, आजी-आजोबांचे जे लागतील ते. मूळ प्रती जन्मगावच्या कचेरीतून नव्याने काढलेल्या, घडी पडून फाटलेल्या नकोत. दोन्ही पासपोर्टवर पोरीचं नाव एकसारखं ठेवा, एका पासपोर्टवर आईचं आडनाव आणि दुसऱ्यावर वडिलांचं असलं की लायसन्स एका नावाचं, जुने निकाल दुसऱ्या नावाचे, आणि दर स्पर्धेला खुलासे. पासपोर्टची मुदत बघा, लहान मुलांचे पासपोर्ट कमी वर्षांचे असतात आणि ऐन सीझनमध्येच संपतात, का ते देव जाणे.

औषधांचंही याच फाईलमध्ये ठेवा. देश बदलला की डोपिंगची यंत्रणा बदलते, दम्याचा पंप किंवा दुसरं एखादं औषध चालू असेल आणि त्याला वैद्यकीय परवानगी लागत असेल तर ती नव्या देशाकडून ग्राह्य आहे का ते आधी विचारून घ्या.

देश निवडताना गणित कसं मांडायचं

प्रामाणिकपणे बोलू. बऱ्याच जणी आजीच्या प्रेमापोटीच नुसत्या जात नाहीत, जागेसाठी जातात, आणि त्यात मला काही वाईट वाटत नाही. ऑलिंपिकच्या टीममध्ये पाच जणी. फायनलला एका देशाच्या दोनच जाऊ शकतात, मग तिसरी जगात सहावी असली तरी स्टँडमध्ये. अमेरिकेसारख्या देशात जी पोर टीमची राखीव म्हणून बसते ती बाकीच्या बहुतेक देशांत एक नंबर असती.

फिलिपिन्सच्या तिघी बघा, तिघी अमेरिकेत वाढलेल्या आणि तिघी पॅरिसला तीन वेगळ्या दारांनी गेल्या. अलिया फिनेगन, आई फिलिपिनो, अमेरिकेकडून २०१९ ची पॅन अमेरिकन स्पर्धा खेळून मग बदललेली, २०२३ च्या वर्ल्डमधून गेली. लीवाय जुंग-रुइविवार वर्ल्ड कपच्या मालिकेतून, बार्सवर. एमा मालाबुयो, टोकियो ऑलिंपिकच्या अमेरिकन टीमची राखीव, २०२४ च्या आशियाई चॅम्पियनशिपमधून, म्हणजे जवळजवळ शेवटची गाडी. १९६४ नंतर पहिल्यांदा फिलिपिन्सच्या मुली ऑलिंपिक जिम्नॅस्टिक्सला होत्या.

तुमचं गणितही तसंच, देश नाही, दार बघा. मुलगी चारही अपॅरेटसवर सारखी असेल तर वर्ल्ड आणि खंडीय स्पर्धेतली ऑल-अराउंडची, म्हणजे चारही मिळूनच्या गुणांची, जागा. एकाच अपॅरेटसवर भारी असेल तर वर्ल्ड कपची मालिका, म्हणजे प्रवास जास्त आणि खर्चही. आणि खंड कोणता हे बघायला विसरू नका, कारण खंडीय चॅम्पियनशिपमध्ये तुमच्या समोर कोण असणार ते त्यावर. हे नियम दर ऑलिंपिकला बदलतात, पॅरिसचा कागद घेऊन पुढच्याची आखणी करू नका.

एकटी जाणार असेल तर

छोट्या देशाकडून जाणं म्हणजे बहुतेक वेळा एकटीने जाणं, आणि याची तयारी कोणीच करून घेत नाही. टीमबरोबर असताना बार घासायला चार हात असतात, कोणी मध लावतंय, कोणी पाण्याची बाटली धरतंय, कोणी चॉक. वेगवेगळ्या देशांच्या एकट्या आलेल्यांच्या मिक्स्ड ग्रुपमध्ये मुलगी आणि एक कोच, बस. आधीच्या पोरीने बार पाण्याने भिजवून ठेवलाय आणि आपल्या पोरीला कोरडा लागतो. वॉर्मअपला बार्सवर ५० सेकंद, बीम आणि फ्लोअरवर ३०, आणि ते घड्याळ कोणाकडे बघत नाही. कोचने त्यात अंतर मोजायचं, स्प्रिंगबोर्ड ओढायचा, आणि पोरीला धीरही द्यायचा.

हे घरी बसवता येतं. महिन्यातून दोनदा जिममध्ये अनोळखी पोरींच्या रोटेशनमध्ये तिला घाला, बारची तयारी तिला स्वतः करू दे, आणि फोनवर ५० सेकंदांचा टायमर लावून आवाज झाला की खाली, हालचाल अर्धवट असली तरी खाली. पहिल्या वेळी रडारड होते. चौथ्या वेळी ती आधीच ठरवून येते की ५० सेकंदांत फक्त दोनच गोष्टी करून बघायच्या.

अपॅरेटसच्या कंपन्याही वेगळ्या. अमेरिकेत आणि युरोपात बार आणि फ्लोअर वेगवेगळ्या बनावटीचे असतात, उसळी वेगळी, बारची लवचिकता वेगळी. कोणत्या स्पर्धेला कोणतं सामान आहे ते आधी जाहीर होतं, तर त्या बनावटीचं जिम शोधून आठवडाभर तरी घासून घ्या. अमेरिकन कॉलेजमध्ये खेळणारी असेल तर अजून एक फरक, तिथे अजून दहापैकी मार्क असतात आणि रूटीन छोटं असतं, एफआयजीच्या कोडमध्ये २००६ पासून वरची मर्यादाच नाही आणि मुलींची आठ एलिमेंट मोजतात. कॉलेजचं ९.९ चं फ्लोअर घेऊन वर्ल्डला गेलं की चौथ्या टम्बलिंग पासला (कोलांट्यांच्या फेरीला) श्वास राहत नाही. कॉलेजचा सीझन एप्रिलमध्ये संपतो, आणि तिथून इंटरनॅशनलचं रूटीन बांधायला महिने लागतात, आठवडे नाही.

तिकडच्या मुलींचं काय

ही गोष्ट सोडून देतात, आणि सगळ्यात जास्त हीच बोचते. तिकडे एक मुलगी असते जी वर्षानुवर्षं फाटक्या मॅटवर घासतेय, तिची जागा तुम्ही येऊन घेणार. २०१६ ला त्रिनिदाद अँड टोबॅगोमध्ये असंच झालं, ऑलिंपिकची जागा मिळवून देणाऱ्या टेस्ट इव्हेंटसाठी थेमा विल्यम्सची निवड झालेली, ऐन वेळी तिला काढून कॅनडात जन्मलेल्या मारिसा डिकला पाठवलं. डिक रिओला गेली. विल्यम्स फेडरेशनविरुद्ध कोर्टात गेली आणि २०१८ मध्ये जिंकली. त्यात दोष खेळाडूंचा नव्हता, निवडणाऱ्यांचा होता, पण बोलणी दोघींनाही बसली. म्हणून मी वर म्हटलं, निवडीचे निकष लेखी घ्या. ते तुमच्याइतकेच तिकडच्या पोरीसाठी असतात.

आणि मग जरा जा तिकडे. कॅम्पला जा, राष्ट्रीय स्पर्धा खेळा, जुने ग्रिप्स (बार्ससाठी हाताला बांधायचे चामडी पट्टे) बॅगेत पडून असतील तर ते घेऊन जा, भाषा मोडकीतोडकी का होईना बोला. राष्ट्रगीत पाठ करा, पूर्ण, कारण कॅमेरा बरोबर दुसऱ्या कडव्याला तोंडावर येतो. फ्लोअरसाठी तिकडचं संगीत घ्यायचा मोह होतो, घ्या, पण मुलींच्या फ्लोअरला ९० सेकंदांची मर्यादा आणि शब्द असलेलं गाणं चालत नाही, आणि ती चाल तिथे लग्नात वाजते की अंत्ययात्रेत हे तिथल्या माणसाला एकदा विचारा. हसू नका, विचारा. लिओटार्डवर देशाचं चिन्ह लागतं, ते कुठे आणि केवढं याचे नियम आहेत, घरच्या हौशी मावशीने क्रिस्टलचा अख्खा झेंडा पाठीवर काढायच्या आधी ते वाचून घ्या.

टोमणे दोन्हीकडून येतील. एकीकडे सोडून गेली, दुसरीकडे आयत्या बिळावर आली. दानुशा फ्रान्सिस इंग्लंडमध्ये जन्मलेली, जमैकाकडून टोकियोला गेली आणि स्पर्धेच्या काही दिवस आधी तिच्या गुडघ्यातलं एसीएल नावाचं लिगामेंट फाटलं. ती तरीही पट्टी बांधून बार्सवर चढली, दोन-चार हालचाली केल्या आणि उतरली. रूटीन छोटं म्हणून मोठी कपात झाली, एकूण ३.०३३, पण जेवढं केलं ते इतकं स्वच्छ की एक्झिक्युशनला, म्हणजे सफाईला, दहापैकी ९.०३३ मिळाले. त्यानंतर जमैकाची नाही असं तिला कोणी म्हणालेलं माझ्या तरी वाचनात नाही.

परत यायचं झालं तर

येता येतं. ओक्साना चुसोविटिना सोव्हिएत युनियन, १९९२ ची युनिफाइड टीम, उझबेकिस्तान, जर्मनी आणि परत उझबेकिस्तान असं फिरली. पण तुम्ही परतलात की तीच तीन वर्षं, तेच सोडपत्र, तीच एफआयजी, फक्त आता किल्ली दुसऱ्याच्या खिशात. त्यामुळे आज जी फाईल कराल तिची एक स्कॅन कॉपी आणि एक कागदी कॉपी ठेवा, आणि आजीच्या नावाचं ते एक अक्षर आधी दुरुस्त करून घ्या.